रोमन रौप्यनाण्यांचा संग्रह : क्रॉफर्डकृत ग्रंथाच्या निमित्तानें

मायकेल क्रॉफर्ड यांचा 'रोमन रिपब्लिकन कॉइनेज' हा द्विखंडात्मक ग्रंथ केंब्रिज येथून १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास आतां अर्धशतक लोटून गेलें आहे. एवढ्या काळांत रोमच्या प्रजासत्ताकाच्या रौप्यनाण्यांविषयीं कोठेंहि कांहीं लिहावयाचें, विकावयाचें अगर विकत घ्यावयाचें झाल्यास या ग्रंथांतील अनुक्रमांक देण्याचा शिरस्ताच पडून गेला आहे. 'क्रॉफर्ड अमुक, प्रकार तमुक' असें म्हणण्याचा प्रघात संग्राहकांत इतका रुळला आहे कीं, ग्रंथकर्त्याचें आडनांव हें जणूं नाण्याचेंच एक लक्षण होऊन बसलें आहे. ज्या ग्रंथास असें प्रामाण्य लाभतें त्याचें परीक्षण दोन अंगांनीं करावें लागतें. ग्रंथांत काय आहे हें एक, व लोक त्याचा उपयोग कसा करतात हें दुसरें. पहिल्या अंगानें पाहतां हा ग्रंथ फार मोठ्या योग्यतेचा आहे. परंतु संग्राहकांच्या हातीं त्याचा जो उपयोग होत आला तो ग्रंथाच्या मूळ विचारसरणीस पुष्कळ अंशीं विरुद्ध आहे, असें आमचें मत आहे; व प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः तिकडे आहे.

क्रॉफर्ड यांच्यापूर्वीं काय होतें हें ध्यानांत घेतल्यावांचून त्यांची थोरवी कळावयाची नाहीं. फुल्व्हिओ ओर्सिनी या इटालियन पंडितानें १५७७ सालीं नाण्यांच्या आधारें रोमन घराण्यांविषयीं ग्रंथ लिहिला, व तेव्हांपासून हीं नाणीं घराणेवार लावण्याची चाल पडली. एर्नेस्त बाबलों या फ्रेंच पंडिताच्या १८८५-८६ च्या ग्रंथांतहि तीच चाल कायम आहे. घराण्यांचीं नांवें वर्णानुक्रमानें घेतल्यामुळें नाणें शोधण्यास सोपें जातें, हें खरें. पण टांकसाळीवर एकाच सालीं नेमलेले तीन अधिकारी तीन निरनिराळ्या प्रकरणांत जाऊन बसतात, आणि आजोबा व नातू यांचीं नाणीं, मध्यें साठ वर्षांचें अंतर असलें तरी, एका पानावर येतात. आपल्याकडे कोणी मराठ्यांचीं पत्रें मितीवार न लावतां लिहिणाराच्या आडनांवाप्रमाणें लावलीं, तर पटवर्धनांचीं पत्रें एके ठिकाणीं मिळतील खरीं. पण खर्ड्याच्या मोहिमेंत कोणत्या दिवशीं काय घडलें हें त्यांतून कोणास उमगणार? मोम्सेन यांनीं १८६० मध्यें व पुढें ग्रूबर यांनीं १९१० च्या ब्रिटिश म्यूझियमच्या सूचींत कालानुक्रमाचा मार्ग धरला. सिडनम यांचा १९५२ सालीं निघालेला ग्रंथहि त्याच मार्गाचा. तथापि काल ठरवावयाचा कशावरून, हा प्रश्न क्रॉफर्ड यांच्या हातीं येईपर्यंत बराचसा मोकळाच राहिला होता.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे खुद्द दिनारियस या नाण्याचा जन्मकाल. दिनारियस म्हणजे दहा 'अस' किमतीचें रौप्यनाणें. पुढील बाजूस शिरस्त्राण घातलेलें रोमा देवतेचें मस्तक व त्यामागें दहाचा रोमन आकडा. मागील बाजूस घोड्यांवर भाले सरसावून दौडणारे जुळे देव. खालीं नगराचें नांव. आरंभीं एका रोमन रत्तलांत अशीं ७२ नाणीं पाडीत, म्हणजे दर नाणें सुमारें साडेचार ग्रॅम भरे. लवकरच तें प्रमाण ८४ वर गेलें. प्लिनीनें आपल्या 'निसर्गेतिहासां'त रोमनें चांदीचें नाणें प्रथम पाडलें तें पहिल्या प्यूनिक युद्धापूर्वीं पांच वर्षें, म्हणजे इ. स. पू. २६९ मध्यें, असें नमूद केलें आहे. व शेंकडों वर्षें विद्वानांनीं तें दिनारियसाचेंच जन्मवर्ष मानलें. १९३२ सालीं हॅरल्ड मॅटिंग्ली व ई. एस. जी. रॉबिन्सन या ब्रिटिश म्यूझियमच्या दोघां जाणत्यांनीं हें मत उडवून लावून दिनारियस इ. स. पू. १८७ पर्यंत खालीं ओढला. दोन्ही मतांत ऐशीं वर्षांहून अधिक अंतर! हॅनिबॉलचें अवघें युद्ध या अंतरांत येतें. युद्ध चालू असतां रोमनें सैनिकांचा पगार कोणत्या नाण्यांत दिला, हा साधा प्रश्नहि यामुळें लोंबकळत राहिला. वाद दोन्हीकडून ग्रंथवचनांच्या व शैलीविचाराच्या बळावर चालला होता. उत्तम संग्रहांतील उत्तम नाणीं दोन्ही पक्षांपुढें होतीं, आणि त्यांतील एकानेंहि साक्ष दिली नाहीं. साक्ष देण्यास लागणारी गोष्ट, म्हणजे आपण कोठून निघालों याची आठवण, त्या नाण्यांपाशीं उरलीच नव्हती.

साक्ष मिळाली ती सिसिली बेटाच्या मध्यभागीं असलेल्या एका उजाड टेकाडावर. प्रिन्स्टन विद्यापीठानें १९५५ पासून तेथें उत्खनन केलें. तें नगर कोणतें हेंच आधीं निश्चित नव्हतें. पण तेथें 'हिस्पानी लोकांचें' अशा अक्षरांचीं तांब्याचीं नाणीं पुष्कळ निघूं लागलीं, व त्यावरून केनन एरिम यांनीं १९५८ मध्यें तें स्थळ मॉर्गांटिना म्हणून ओळखलें. कारण मॉर्गांटिना बंड करून उठल्यावर इ. स. पू. २११ मध्यें रोमनांनीं ती घेतली व आपल्या पक्षास मिळालेल्या स्पॅनिश भाडोत्री शिपायांस इनाम दिली, असें लिव्हीनें लिहून ठेविलें आहे. याप्रमाणें नाण्यांनीं स्थळ ओळखविलें, ग्रंथानें स्थळास साल दिलें, आणि मग त्या सालच्या नाशाच्या थरांत नव्या पद्धतीचीं रोमन रौप्यनाणीं, दिनारियस व त्याचे लहान भाग, अगदीं अल्प झिजलेल्या स्थितींत मिळालीं. म्हणजे इ. स. पू. २११ च्या सुमारास दिनारियस नुकताच जन्मला होता. प्लिनीचें साल त्याआधींच्या निराळ्या तऱ्हेच्या रौप्यनाण्यास लागूं पडत असावें, हें उघड झालें. १८७ चा पक्ष तर समूळच गेला. टॉमसेन यांनीं आपल्या त्रिखंडात्मक ग्रंथांत याच दिशेचें प्रतिपादन केलें होतें. क्रॉफर्ड यांनीं २११ हें साल आपल्या सर्व कालपटाचा पाया केलें. त्या उत्खननांतील नाण्यांपैकीं बाजारांत एखाद्यास फारशी किंमत येईल असें वाटत नाहीं. पण एका मळकट नाण्यानें राजेरजवाड्यांच्या मखमली पेट्यांतील हजारों नाण्यांचा काल ठरविला, ही गोष्ट प्रत्येक संग्राहकानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

यापुढचा काल क्रॉफर्ड यांनीं ठरविला तो मुख्यतः पुरून ठेवलेल्या पुंजांवरून. कोणता प्रकार कोणत्या पुंजांत आहे, कोणत्यांत नाहीं, असलेला कितपत झिजला आहे, यांचा मेळ घालून प्रकारांचा क्रम लावावयाचा अशी ही रीत. त्यासाठीं त्यांनीं १९६९ मध्येंच प्रजासत्ताकाच्या नाणेपुंजांची स्वतंत्र सूची छापिली होती. वास्तविक मोठा ग्रंथ हा त्या लहान पुस्तकावर उभा आहे. असें असून मोठा ग्रंथ प्रत्येक विक्रेत्याच्या मेजावर असतो व लहान पुस्तक संग्राहकांपैकीं फार थोड्यांनीं उघडलेलें असतें. येथेंच आमच्या तक्रारीचा आरंभ होतो. ज्या ग्रंथानें पुंज हें साधन व सुटें नाणें हा त्याचा अवयव असें दाखवून दिलें, त्याच ग्रंथाचे क्रमांक हातीं घेऊन लोक पुंज फोडतात, एकेक क्रमांकाचें चांगलें नाणें वेंचतात, व उरलेलें घाऊक विकून टाकतात. जुन्या दप्तराचा रुमाल सोडून त्यांतील सुवाच्य अक्षराचीं पत्रें तेवढीं चौकटींत बसवावीं, बाकीचीं रद्दींत द्यावींत, आणि रुमाल कोणाच्या घरचा होता हें सांगण्याचें कारण नाहीं असें म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. असे रुमाल आपल्या डोळ्यांदेखत फुटलेले आहेत; म्हणून या पत्रिकेच्या वाचकांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

उत्तम स्थितीच्या नाण्यांचा हव्यास हें याच रोगाचें दुसरें लक्षण. नाणें जितकें कमी झिजलेलें तितकी किंमत अधिक, हें बाजाराचें गणित आहे; इतिहासाचें गणित पुष्कळदां याच्या उलट असतें. मार्क अँटनीनें अ‍ॅक्टियमच्या आरमारी लढाईपूर्वीं, इ. स. पू. ३२-३१ मध्यें, आपल्या पलटणींच्या नांवानें दिनारियस पाडले. एका बाजूस गलबत, दुसऱ्या बाजूस निशाणें व पलटणीचा आंकडा. तेविसाव्या पलटणीपर्यंतचे सर्व आंकडे जमवावे, ही संग्राहकांची आवडती हौस आहे व तींत वाईट कांहीं नाहीं. परंतु या नाण्यांची खरी मौज त्यांच्या झिजेंत आहे. त्यांची चांदी हिणकस होती. प्लिनी तर अँटनीनें तींत लोखंड मिसळल्याचें सांगतो, मात्र आधुनिक तपासणींत हीण तांब्याचें आढळतें. हिणकस म्हणून तीं कोणी दडवून ठेवलीं नाहींत. सम्राट् त्राजाननें झिजलेलीं जुनीं नाणीं गोळा करून आटविलीं तेव्हांहि तीं पुष्कळशीं मागें राहिलीं, व इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील पुंजांतहि तीं गुळगुळीत होऊन निघतात. अडीचशें वर्षें हातोहात फिरलेलें असें नाणें, ज्यावरील गलबत आतां केवळ एका रेघेपुरतें उरलें आहे, तें आम्ही चकचकीत नाण्याहून अधिक मोलाचें मानूं. परंतु लिलावाच्या सूचींत तें छापलें जात नाहीं.

कसाविषयींचा एक अलीकडील प्रकार याहूनहि बोधप्रद आहे. नीरोनें इ. स. ६४ मध्यें दिनारियसाचें वजन उतरवून रत्तलास ९६ केलें, हें सर्वश्रुतच आहे. कस किती उतरविला याविषयीं वॉकर यांनीं १९७६ ते १९७८ या वर्षांत प्रसिद्ध केलेले आंकडे बरींच वर्षें प्रमाण मानले गेले. त्यांवरून चांदी शेंकडा ९३ च्या आसपास उरली असें दिसे. पुढें बुचर व पाँटिंग यांनीं २०१४ च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, क्ष-किरणांनीं पृष्ठभाग तपासून आलेले हे आंकडे फसवे होते. टांकसाळींतच वरचें तांबें काढून टाकून नाणें उजळीत. शिवाय मातींत पडल्यावर उरलेंसुरलें तांबेंहि पृष्ठभागांतून निघून जाई. बारीक छिद्र पाडून आंतली धातू तपासली तेव्हां नीरोची चांदी शेंकडा ८० च्या सुमारास निघाली. म्हणजे आमच्या जुन्या पोतदारांस जें ठाऊक होतें, कीं रुपया नुसता पाहून त्याचा कस कळत नसतो, तें प्रयोगशाळेस पुन्हां सिद्ध करावें लागलें. अशा तपासणीसाठीं नाण्यास भोंक पाडूं देणारा संग्राहक विरळा. येथेंहि उपयोगी पडतें तें टाकाऊ नाणेंच.

आतां खुद्द ग्रंथांतील उणिवांकडे वळूं. पहिली कालपटाची. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळांतील कांहीं सालें दक्षिण इटलींतील मेझान्ये येथील पुंजानें डळमळीत केलीं. सुमारें सहा हजार दिनारियसांचा हा पुंज हर्श व वॉकर यांनीं १९८४ मध्यें प्रसिद्ध केला व त्यावरून क्रॉफर्ड यांचीं अनेक सालें पुढेंमागें सारावीं लागलीं. हा दोष म्हणतां येत नाहीं. पुंजांवर रचलेला कालपट नव्या पुंजानें सुधारला जाणें हें रीतीच्या खरेपणाचेंच लक्षण होय. परंतु दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कोणत्या सालीं किती नाणीं पडलीं याचा अंदाज क्रॉफर्ड यांनीं ठशांच्या संख्येवरून बांधला; त्यासाठीं पुढील बाजूचा एक ठसा सुमारें तीस हजार नाणीं पाडतो असें गृहीत धरलें, आणि त्या आंकड्यांवरून रोमन राज्याच्या खर्चाची मांडणी केली. हा आंकडा आला कोठून? कोणत्याहि रोमन टांकसाळीचा हिशेब उपलब्ध नाहीं. लोखंडाचा ठसा एका दिवसांत फुटेल, किंवा महिनाभर टिकेल. बट्री यांनीं १९९३ मध्यें या असल्या गणितांवर कडक टीका केली ती आम्हांस बहुतेक मान्य आहे. ठसे मोजावे, एका सालचे दुसऱ्या सालाशीं ताडून पाहावे, येथपर्यंत ठीक. पण त्यांस तीस हजारांनीं गुणून फौजेचा पगार काढूं लागलें कीं, इतिहासाची जागा अटकळ घेते. अटकळीला कोष्टकाचें रूप दिलें म्हणजे ती प्रमाण होत नाहीं, आणि क्रॉफर्डसारख्या साक्षेपी पंडितानें हें केलें याचें आश्चर्य वाटतें.

संग्राहकांवर एवढा ठपका ठेवल्यावर त्यांचें ऋणहि सांगितलें पाहिजे. वर उल्लेखिलेले चार्लस हर्श हे स्वतः संग्राहक होते. एका नाण्यावर दुसरें नाणें पाडलें असतां खालच्या ठशाच्या ज्या खुणा उरतात त्यांवरून रोमन नाण्यांचा क्रम कसा लागतो, यावरील त्यांचा १९५३ चा निबंध आजहि वाचावा असा आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ मध्यें निघालेल्या पुंजाची ज्यांस माहिती आहे त्यांस या रीतीचें महत्त्व निराळें सांगणें नको. तेरा हजारांवर रौप्यनाणीं नहपानाचीं, व त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपले शिक्के मारलेले. क्षहरात आधीं व सातवाहन मागून हा क्रम त्या चांदीवरच लिहिलेला आहे. रिचर्ड शेफर यांचें काम दुसऱ्या तऱ्हेचें. त्यांनीं कैक वर्षें लिलावांच्या सूचींतील दिनारियसांचीं चित्रें कापून तीं ठशाठशाप्रमाणें लावलीं व तो सर्व संभार अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या स्वाधीन केला. जीं नाणीं कधींच विकून इकडेतिकडे गेलीं, त्यांचे ठसे तरी अशा रीतीनें एके ठिकाणीं आले. कागदाच्या कपट्यांचा हा संग्रह चांदीच्या पुष्कळ संग्रहांहून आम्ही थोर मानतों.

या विषयाचा आपल्या देशाशीं संबंध येतो तो पुंजांच्या द्वारांच. कोइमतूर जिल्ह्यांत वेल्लालूर येथें १८४२ मध्यें पांचशेंहून अधिक दिनारियस एका ठिकाणीं निघाले व पुढेंहि तेथें पुंज मिळाले. नळगोंडा जिल्ह्यांत अक्कनपल्ली येथील पुंज तर दीड हजारांवर नाण्यांचा. त्याचा समावेश परमेश्वरीलाल गुप्त यांनीं १९६५ च्या आपल्या पुस्तकांत केला आहे. सूएल यांची १९०४ ची यादी व पॉला टर्नर यांचा १९८९ चा ग्रंथ यांवरून दिसतें कीं, या पुंजांत प्रकारांची विविधता अगदीं थोडी. ऑगस्टसचें गायस व ल्यूशियस या दोन राजपुत्रांचें नाणें आणि टायबेरियसचें आसनस्थ देवतेचें नाणें, या दोहोंनींच बहुतेक पुंज भरलेले असतात. व नीरोच्या ६४ सालच्या घटीनंतरची चांदी जवळजवळ येतच नाहीं. क्रमांक जमविणाऱ्यास असा पुंज निरस वाटेल. पण निवड कोणी केली, रोमन व्यापाऱ्यानें कीं येथील सराफानें, हा प्रश्न या निरसपणांतूनच उद्भवतो. सिंहलद्वीपाच्या राजानें निरनिराळ्या सम्राटांच्या मुद्रांचे दिनारियस वजनांत सारखे भरले हें पाहून रोमनांच्या सचोटीची वाखाणणी केली, अशी एक गोष्ट प्लिनी सांगतो. ती खरी असो वा नसो, पूर्वेकडे नाणें तोलून घेत हें तीवरून दिसतें.

दख्खनच्या बाबतींत एक कोडें शिल्लक आहे. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथाप्रमाणें सोन्याचे व चांदीचे दिनारियस भडोच बंदरीं उतरत, व तेथील नाण्याशीं त्यांच्या बदल्यांत नफा होई. त्याच ग्रंथांत पैठण व तेर येथील माल भडोचास गाड्यांनीं येत असल्याचें लिहिलें आहे. मग भडोचच्या पाठीमागच्या मुलुखांत रोमन चांदीचे मोठे पुंज कां निघत नाहींत? ती आटवून क्षत्रपांनीं आपलीं नाणीं पाडलीं, हें उत्तर नेहमीं दिलें जातें. उत्तर संभवनीय आहे, पण पुंजांच्या अभावावरून काढलेलें तें अनुमान आहे. नहपानाच्या चांदीची आंतून तपासणी व तींतील इतर धातूंच्या अंशांची रोमन चांदीशीं तुलना विपुल प्रमाणावर झाल्यावांचून त्यास सिद्धांत म्हणूं नये. गुप्तकालीन लेखांत सोन्याच्या नाण्यास 'दीनार' म्हटलें आहे. चांदीच्या नाण्याचें नांव येथें सोन्यास चिकटलें, हेंहि या व्यवहाराचें एक वळण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१८७८ च्या निधिविषयक कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किमतीचा सांपडलेला निधि सरकारांत कळविणें भाग केलें. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनें नाणें पुरावस्तु ठरलें व खासगी माणसानें तें परदेशीं नेणें बंद झालें. कायदा आहे, पण शेतकऱ्यास पुंज मिळाल्यापासून तो सराफाच्या मुशींत जाईपर्यंतची वाट फार लहान असते. मोठ्या बाजारांतहि याहून बरी स्थिति आहे असें समजण्याचें कारण नाहीं. ब्रूटसनें सीझरच्या वधानंतर दोन खंजीर व मुक्त दासाची टोपी असलेलें नाणें पाडलें, त्याच्या अतिदुर्मिळ सुवर्णप्रतींपैकीं एक २०२० मध्यें लंडनच्या लिलावांत तीस लाखांहून अधिक पौंडांस विकली गेली. तिची पूर्वपीठिका बनावट असल्याचें पुढें उघडकीस आलें व २०२३ मध्यें तें नाणें ग्रीस देशास परत करण्यांत आलें. नाणें अस्सल, पण त्याची जन्मकथा खोटी! प्लिनी सांगतो कीं, त्याच्या काळीं खोटा दिनारियस नमुना म्हणून पुष्कळ खऱ्या दिनारियसांस विकत घेतला जाई. आतां नाण्याबरोबर खोटी हकीकतहि विकत मिळूं लागली आहे. आणि हकीकत खोटी असली तर नाणें कोणत्या जमिनींतून निघालें हें कायमचें बुडतें.

ज्या वाचकांपाशीं घरच्या पेटींत किंवा देव्हाऱ्यांत गायस-ल्यूशियस प्रकारचा दिनारियस असेल त्यांस एवढीच विनंति कीं, तो घांसून उजळूं नये. दोन राजपुत्रांच्या मध्यें ढाली व भाले आणि त्यांच्या वर पूजेचीं दोन उपकरणें, एक वांकडी काठी व एक पळी, असतात. तीं कोणती कोणत्या बाजूस आहे तें पाहावें. अक्षरें नीट लागतात कीं नुसत्या रेघा आहेत हें तपासावें, कारण या प्रकाराच्या देशी नकला दक्षिणेंत झालेल्या आहेत, व त्या नकलाहि मूळ नाण्याइतक्याच जपून ठेवण्याजोग्या आहेत. वजन ग्रॅमच्या शतांशापर्यंत घ्यावें. पृष्ठभागावर छिनीचा घाव किंवा बारीक शिक्का असल्यास त्याची जागा टिपावी. आणि तें नाणें कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं, कशांत व आणखी किती नाण्यांबरोबर मिळालें याविषयीं घरांतील वडील माणसांस जें स्मरत असेल तें त्यांच्या हयातींतच कागदावर उतरून त्याच पाकिटांत ठेवावें.